एका शब्दाची प्रकृती

३० जानेवारीला, म्हणजे महात्माजींच्या पुण्यतिथीच्या दिवशी, ग्रामसभांतून कुष्ठरोगाविषयीची प्रतिज्ञा वाचली जाते, आणि सरपंचांच्या मागोमाग मंडळी हात पुढे करून म्हणतात की, रुग्णाशी आम्ही भेदभाव करणार नाही. यंदा सकाळी ही प्रतिज्ञा ऐकून मी त्याच दिवशी संध्याकाळी तालुक्याच्या गावी एका सत्कारसभेस गेलो, तेव्हा सकाळी पहिल्या रांगेत हात पुढे करून उभे असलेले एक सद्गृहस्थ व्यासपीठावरून मोठ्या आवेशाने सांगत होते की, वशिलेबाजी हा या देशाला जडलेला महारोग असून सडलेले अवयव छाटून टाकल्यावाचून आता गत्यंतर नाही. टाळ्या पडल्या. सकाळच्या प्रतिज्ञेशी या वाक्याचा काही विरोध आहे असे कोणास वाटले नाही, आणि वक्त्यांनाही वाटले नसावे. कारण सकाळी त्यांनी ‘कुष्ठरोग’ हा सरकारी शब्द उच्चारला होता, आणि संध्याकाळी ‘महारोग’ हा घरचा.

ज्या कुष्ठरोगविरोधी मोहिमेत ही प्रतिज्ञा घेतली जाते तिचा तपशील वाचकांनी बातम्यांत वाचलाच असेल, तो येथे पुन्हा देत नाही. मला कुतूहल आहे ते या घरच्या शब्दाचे.

‘महारोग’ हा शब्द मुळी एका रोगाचा नव्हताच. वाग्भटाने दुस्तर अशा आठ व्याधींना मिळून ही संज्ञा दिली आहे : वातव्याधी, मुतखडा, कुष्ठ, प्रमेह, उदर, भगंदर, मूळव्याध आणि ग्रहणी. या हिशेबाने त्या संध्याकाळच्या व्यासपीठावर निदान दोन महारोगी तरी विराजमान होते. एकाचा चहा बिनसाखरेचा वेगळा आणला गेला, आणि दुसरे गृहस्थ खुर्चीवर उशी घेतल्याशिवाय बसले नाहीत. पुढे मराठीने ही आठांची सामाईक जहागीर एकट्या कुष्ठाच्या नावे चढवली आणि बाकीचे सात हिस्सेदार निर्वेधपणे सभ्य समाजात मिसळून गेले. ‘कुष्ठ’ या शब्दाची कथाही याहून सरळ नाही. आयुर्वेदात कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत साध्या गजकर्णाचीही गणना आहे. हाच शब्द प्राकृतातून झिजत हिंदीत आला तो ‘कोढ’ होऊन महारोगाचा वाचक राहिला, आणि मराठीत आला तो ‘कोड’ होऊन केवळ कातडीचा रंग उडण्याचा, जो कोणाला लागत नाही व ज्याने काही बधिर होत नाही. पण कोडाच्या मुलीचे लग्न जमवताना शेजारीपाजारी जो आवाज खाली आणतात, तो मात्र त्या जुन्या अर्थाचाच वारसा होय. गंमत अशी की, अथर्ववेदात कुष्ठ नावाच्या वनस्पतीची ज्वर पळवून लावणारी म्हणून स्तुती आहे. एकच नाव औषधालाही आणि रोगालाही.

येथे एका इंग्रज अधिकाऱ्याचा उल्लेख करण्याचा मोह मला आवरत नाही. हॅरी अर्बथनॉट ॲकवर्थ हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्याने मराठ्यांच्या इतिहासातील पोवाडे गोळा करून त्यांनी १८९१ साली छापवून घेतले, नंतर त्यांतील काहींचे इंग्रजीत रूपांतर केले. आज ॲकवर्थ हे नाव माहीत असलेल्या दहा मुंबईकरांपैकी नऊ जणांना मात्र पोवाडे ठाऊक नसतात. त्यांना ठाऊक असते ते वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय, जे १८९० साली रस्त्यावर भीक मागणाऱ्या निराश्रित रुग्णांसाठी त्यांच्याच पुढाकाराने उभे राहिले. डफ-तुणतुण्याच्या शोधात हिंडणारा हा साहेब बेघर रोग्यांच्या दाराशी कसा पोहोचला, यावर कोणी कादंबरी लिहिली नाही याचे मला नवल वाटते. आश्रयाच्या पाठोपाठ बंदोबस्तही आला. १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरुग्ण दिसला की वॉरंटावाचून धरून नेण्याचा अधिकार पोलिसांना दिला, आणि तो कायदा संपूर्णपणे रद्दबातल होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. घटस्फोटाचे कारण म्हणून हा रोग कायद्यातून गेला तो तर २०१९ मध्ये. कायद्याच्या पुस्तकातून शब्द काढायला लोकसभा पुरते, जिभेवरून काढायला कोणती सभा भरवावी?

शब्द बदलावा असे मात्र माझे म्हणणे नाही. बाबा आमटे यांनी १९४९ साली संस्था काढली तिचे नाव ‘महारोगी सेवा समिती’ असेच ठेवले, आणि आनंदवनाच्या कागदपत्रांत तो शब्द वाचताना कोणाला खटकत नाही; कारण तेथे महारोगी म्हणजे महारोगी, त्याच्या आडून दुसऱ्या कोणाला हाणायचे नसते. सुसान सोंटॅग या अमेरिकन लेखिकेने, स्वतः कर्करोगाशी झगडल्यानंतर, १९७८ साली असा आग्रह धरला की, आजाराला रूपकांतून मुक्तच केले पाहिजे. हे मला सर्वस्वी पटत नाही. ज्या भाषेत डोक्याला ताप होतो, शेजाऱ्याची बढती पाहून पोटशूळ उठतो आणि कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते, त्या भाषेला असे सोवळे नेसवले तर ती मुकी होईल. शिवाय कर्करोग हे नाव तरी काय, खेकड्यावरूनच घेतलेले ना! २०१३ साली, फायलींवर सही करताना काहींच्या हाताला लकवा भरतो काय, असा सवाल शरद पवारांनी केला, आणि ‘धोरणलकवा’ हा समास तर वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांत कायमचा वतनदार होऊन बसला आहे. कोणाला हे रूपक निष्ठुर वाटेल; पण निदान वैद्यकदृष्ट्या ते बिनचूक आहे, हात हलत नाही म्हणजे हलत नाही.

महारोगाच्या रूपकाचे तसे नाही; ते निष्ठुर असून वर चुकीचे आहे. वक्त्याच्या मनात असते ती सडणारी, पसरणारी, छाटण्यावाचून उपाय नसलेली व्याधी. प्रत्यक्षातील रोग, ज्याचा जंतू हॅन्सन यांनी नॉर्वेतील बर्गेन येथे १८७३ साली पाहिला, अतिशय संथ आहे. लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, क्वचित वीसही जातात. तो बोटे झडवत नाही. तो मज्जातंतूंवर बसतो, संवेदना जाते, मग चुलीवरचे भांडे चटका न लागता उचलले जाते आणि पायात रुतलेला काटा रात्रीपर्यंत कळत नाही. बोटांची हानी होते ती या न कळलेल्या जखमांनी. वेल्लोरच्या रुग्णालयात काम केलेल्या पॉल ब्रँड या शल्यविशारदाने आयुष्यभर हेच सांगितले की, या रोग्यांचे दुःख म्हणजे त्यांना दुखत नाही हे आहे. वशिलेबाजीला महारोग म्हणायचेच असेल, तर सडण्यावरून नव्हे, भाजले तरी न कळण्यावरून म्हणावे.

एका ग्रामीण रुग्णालयातील कुष्ठरोग तंत्रज्ञाच्या टेबलाशेजारी मी परवा तासभर बसलो होतो. समोर एक ऊसतोड कामगार, तिशीचा. डाव्या दंडावर रुपयाएवढा फिकट लालसर डाग. तंत्रज्ञाने त्याला डोळे मिटायला सांगितले आणि बॉलपेनचे टोक हलकेच टेकवत म्हटले, “दादा, जिथं लागंल तिथं बोट ठेवायचं.” मनगटावर टेकवले, बोट तेथे गेले, कोपरावर टेकवले, तेथेही गेले. डागावर टेकवले, आणि तो मनुष्य डोळे मिटून, बोट हवेत धरून, पेन कधी टेकणार याची वाट पाहत राहिला.

गोळ्यांचे पाकीट हातात देऊन सहा महिन्यांचा हिशेब समजावून झाल्यावर मी तंत्रज्ञांना विचारले की, हे लोक आपसांत या आजाराला काय म्हणतात? महारोग?

“छे हो,” ते नोंदवहीत मान घालून म्हणाले, “चट्टा म्हणतात. चट्टा आला. सहा महिन्यांनी येतात, सांगतात, चट्टा गेला.”