बशीच्या बुडाखालचं नाव

डोंबिवलीचा फडके रोड असो की ठाण्याचा जांभळी नाका, कपबशा घेताना आपण काय पाहतो? नक्षी, कानाची पकड, सहा घ्यायच्या की बारा, आणि अर्थातच भाव! दुकानदार म्हणतो, "ताई, अस्सल बोन चायना आहे." आपण मान डोलावतो. कप उलटा करून बुडाशी काय छापलंय ते मात्र क्वचितच कुणी वाचतं.

आणि मग घरात रामायण घडतं. डोंबिवलीतल्याच एका ओळखीच्या कुटुंबातली गोष्ट. धाकटा मुलगा आणि सून नोकरीनिमित्त आयर्लंडला असतात. सुट्टीवर येताना सुनेनं सासूबाईंसाठी एक नाजूक टी-सेट आणला. मोत्यासारखी झाक, कडा इतक्या पातळ की धरायची भीती वाटावी. शेजारच्या काकू कौतुकानं म्हणाल्या, "बोन चायना दिसतंय हो! हाडांची भुकटी असते म्हणे यात." झालं! सासूबाई कट्टर शाकाहारी, चातुर्मास पाळणाऱ्या. त्यांनी कप खाली ठेवला तो ठेवलाच. सेट खोक्यासकट माळ्यावर गेला. सुनेला वाटलं, आपल्या मायेची किंमत नाही. सासूला वाटलं, एवढी शिकलेली मुलगी, तिला आपला नेम ठाऊक नसावा? फोनवरचं बोलणंसुद्धा 'बरं आहे, ठेवते' इतकंच उरलं.

काकूंनी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. बोन चायनात हाडांची राख असते, आणि तीही चिमूटभर नव्हे, बरेचदा निम्म्याच्या आसपास. गुराढोरांची हाडं सुमारे हजार अंशांवर भाजतात. मांस, चरबी, मज्जा सगळं जळून जातं आणि उरते ती पांढरी राख. ती चिनी मातीत मिसळली की भांडं पातळ, शुभ्र आणि तरीही चिवट होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटच्या जोसाया स्पोडनं ही कृती पक्की बसवली. आता ही राख म्हणजे निव्वळ क्षार समजायचा की हाडच, हे ज्या त्या घरानं ठरवावं. मला विचाराल तर ज्यांना नको वाटतं त्यांच्याशी वाद घालू नये. चहावरून घरं ढवळून निघणं आपल्याला नवं थोडंच आहे? 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवरही ग्रामण्य झालं होतं!

पण त्या सेटच्या बुडाशी 'बोन चायना' हे शब्दच नव्हते. तिथे होता एक शिकारी कुत्रा, एक गोल मनोरा, एक वीणेसारखं वाद्य, तीन पानांचं आयरिश गवत आणि नाव: बेलीक.

बेलीक हे उत्तर आयर्लंडमधल्या फर्मानाघ परगण्यात, अर्न नदीकाठी वसलेलं एक गाव. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळानं तो मुलूख पार खचला होता. तिथल्या जमीनदाराला, जॉन कॉल्डवेल ब्लूमफिल्डला, आपल्याच जमिनीत भांड्यांना लागणारे खनिज सापडले आणि 1857 साली कारखाना उभा राहिला. हेतू हा, की कुळांच्या हाताला काम मिळावं. तिथली खासियत म्हणजे 'पॅरियन' जातीचं पोर्सेलिन: चिनी माती आणि फेल्डस्पार नावाचा दगड. हाडांची राख त्यात नाही. आपल्याकडे बुरूड कामट्या विणतात तशा मातीच्या बारीक दोऱ्या हातानं विणून केलेल्या तिथल्या टोपल्या तर बघत राहाव्यात अशा.

हे सगळं त्या घरी कुणी तरी समजावून सांगितलं, खुणेचं चित्र दाखवलं, आणि सेट माळ्यावरून खाली आला. सासूबाईंनी चहा घेतला म्हणे. सुनेला आधी विचारलं असतं तर दोन महिने वाचले असते, पण ते राहू द्या.

गंमत अशी की बेलीक हे गावाचं नाव पुढे मालाचं झालं. अमेरिकेत ट्रेंटनच्या कारखान्यांनी तसल्या पातळ मालाला सरसकट बेलीक म्हणायला सुरुवात केली. आपण नाही का, कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत आलो! 'चायना' हेही तसंच, देशाचं नाव भांड्याला चिकटलं. पोर्सेलिन शब्दाचं मूळ इटालियन भाषेत कवडीला जे नाव आहे त्यात आहे, कारण तकाकी तशीच. मार्को पोलोनं चिनी भांड्यांना हाच शब्द वापरला, आणि त्याच्याच प्रवासवर्णनात आपल्या ठाण्याचंही वर्णन आहे, बरं का! कोकण-गोव्याकडे आजही कुणी आजी बशीला 'पिंगाण' म्हणते. तो शब्द फारसीतला, अरबांच्या 'फिंजान'चा सख्खा भाऊ.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा कप उलटा करा. 'फाइन बोन चायना' लिहिलं असेल तर राख आहे. नुसतं 'पोर्सेलिन' किंवा 'स्टोनवेअर' असेल तर नाही. 'न्यू बोन चायना' हे नाव फसवं आहे, त्यात सहसा राख नसते. ओपल म्हणून मिळतात त्या दुधी बश्या तर माती नव्हेच, काच. कप उजेडाकडे धरून पलीकडून बोटाची सावली दिसते का, ही जुनी परीक्षा माती पातळ आहे एवढंच सांगते, कारण पोर्सेलिनमधूनही सावली दिसते आणि ओपलमधूनही. आणि बुडाशी काहीच लिहिलेलं नसेल, तर दुकानदाराच्या 'अस्सल'वर भिस्त ठेवू नका.

वापराचं म्हणाल तर सोनेरी काठाची बशी मायक्रोवेव्हमध्ये कधी घालू नये, ठिणग्या उडतात. तडा गेलेला कप चहाला नको, फटीत चहाचा गाळ आणि जंतू दोन्ही बसतात. फार तर त्यात मनीप्लँट लावावं. आणि लिंबाचं किंवा कैरीचं लोणचं रंगीत नक्षीच्या शोभेच्या भांड्यात मुरत ठेवू नका. जुन्या किंवा स्वस्त मालाच्या रंगात शिसं असू शकतं आणि आंबटपणानं ते लोणच्यात उतरतं. त्याला आपली खुर्जाची, आतून साधी झिलई दिलेली पांढरी-तपकिरी बरणीच बरी, वर दादरा बांधून.