राणीच्या बागेतील वृक्षसंपत्ती

मुंबईस पाहुणे आले की त्यांस भायखळ्यास नेऊन राणीची बाग दाखवावयाची, हा प्रघात फार जुना आहे. पाहुणे पिंजऱ्यापुढे उभे राहतात, २०१७ पासून काचेपलीकडील पेंग्विन पक्षी पाहून कृतार्थ होतात. परंतु ज्या वृक्षांच्या छायेतून ते चालतात, त्यांजकडे मान वर करून कोणी पाहील तर शपथ!

वास्तविक ही बाग झाडांसाठीच निर्माण झाली. कृषी व उद्यानविद्येच्या अभ्यासाकरिता स्थापन झालेल्या एका मंडळीची बाग पूर्वी शिवडीस होती. ती जागा ख्रिस्ती दफनभूमीकडे गेली, तेव्हा भायखळ्यास नवी बाग मांडण्यात आली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती उघडली. १८७३ साली ती म्युनिसिपालिटीकडे आली. प्राण्यांचे पिंजरे मागाहूनचे. आज बागेस वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे, तरी लोकांच्या तोंडी ती राणीचीच. आणि जिजाबाई राणी नव्हत्या असे कोण म्हणेल?

शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाविषयी स्वतंत्रच लिहावे लागेल. त्याजपाशी असलेला पाषाणाचा हत्ती तेवढा अवश्य पाहावा. ह्याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी घारापुरीस एलिफंटा म्हटले. १८६४ साली तो विलायतेस नेण्यासाठी उचलीत असता साखळी तुटून त्याचे तुकडे झाले. पुढे ते सांधून त्याची येथे स्थापना झाली. बेटास नाव देणारा हत्ती बेटावर नाही, हा दैवाचा खेळच म्हणावयाचा.

आता वृक्ष. येथील गोरखचिंच मूळची आफ्रिकेची. तिच्या स्थूल बुंध्यात पाण्याचा साठा असतो. परंतु आमचे मन गुंतते ते दोन वृक्षांपाशी. पहिला सीतेचा अशोक. शहरातून रस्त्याच्या कडेस जो उंच, हिरवा, सरळसोट वृक्ष लावतात त्यास लोक अशोक म्हणतात. तो अशोक नव्हे. कालिदासाच्या मालविकेने ज्यास पादप्रहार केला, तो हा केशरी-तांबड्या गुच्छांचा. काव्य शिकविणाऱ्यांनी विद्यार्थ्यांस एकदा हा वृक्ष दाखवावा; दहा टीकांचे काम होईल. दुसरी उर्वशी, ब्रह्मदेशातून आलेली. डॉ. वालिच या वनस्पतिशास्त्रज्ञास ती तेथे एका पडक्या मठाच्या बागेत आढळली. तिची फुले जवळच्या गुहेतील बुद्धमूर्तींपुढे वाहिलेली होती. झुंबरासारखे तांबडे घोस खाली लोंबताना पाहिले म्हणजे अप्सरेचे नाव यथार्थ वाटते.

ही संपत्ती गमावण्याची वेळ आली होती. २००७ साली कोट्यवधी रुपये खर्चून बागेचे परदेशी धाटणीचे प्राणिसंग्रहालय करण्याची योजना निघाली. तेव्हा काही नागरिकांनी, आणि त्यांत स्त्रियाच अग्रणी होत्या, बागेतील झाडांची नोंद केली. तीन हजारांवर वृक्ष निघाले! अर्ज, सभा, निवेदने यांत वर्षे गेली आणि मूळ योजना अखेर बारगळली. पिंजऱ्यांची हौस मात्र ओसरलेली नाही. नवे बांधकाम निघाले की मुळांभोवतीची माती दडपली जाते, आणि झाड कोणी तोडल्यावाचूनही वठते.

बाग बुधवारी बंद असते. माघ-फाल्गुनात अन्य दिवशी सकाळीच जावे, म्हणजे उर्वशी बहुधा फुललेली सापडते. मुलांस बरोबर न्यावे. पेंग्विन त्यांस परततानाही पाहता येतील.