गुदद्वाराच्या चिरेवरील नायट्रोग्लिसरीन मलम : उपयोग व दक्षता

गुदद्वाराशी चीर (फिशर) पडली की शौचाच्या वेळी असह्य वेदना होतात. वेदनेमुळे आतील स्नायुवलय आवळलेले राहते, रक्तपुरवठा घटतो आणि चीर भरून येत नाही. हे दुष्टचक्र भेदण्यासाठी डॉक्टर नायट्रोग्लिसरीनचे मलम लिहून देतात. त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड निर्माण होऊन स्नायू शिथिल होतो.

हृदयशूळात जिभेखाली ठेवावयाच्या गोळीतील औषध ते हेच. तथापि मलम म्हणजे निरुपद्रवी, हा समज सुशिक्षितांतही आढळतो. वस्तुतः हे द्रव्य त्वचेतून थेट रक्तात शोषले जाते. डायनामाइटच्या कारखान्यांतील कामगारांना याच कारणाने डोकेदुखी जडत असे. रुग्णांनाही मुख्य त्रास डोकेदुखीचाच होतो. म्हणून बोटावर आवरण चढवून ठरलेली मात्राच लावावी, नंतर हात धुवावेत व बसल्या जागेवरून एकदम उठू नये. अमेरिकेत २०११ साली मान्यता मिळालेल्या ०.४ टक्के मलमाची मात्रा दर १२ तासांनी ३७५ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटरची रेघ, आणि मुदत ३ आठवड्यांपर्यंत आहे. भारतात ०.२ टक्क्यांचे मलमही वापरले जाते; तेव्हा वेष्टनावरील प्रमाण पाहणे अगत्याचे ठरते.

सिल्डेनाफिलसारखी औषधे घेणाऱ्याने हे मलम मुळीच वापरू नये. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. नेमकी हीच माहिती संकोचापोटी डॉक्टरांपासून दडविली जाते. डोकेदुखी सोसवत नसल्यास २ टक्के डिल्टियाझेमच्या मलमाचा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात.