गवा गल्लीत आला तर मोबाईल खिशात ठेवा

ज्यांना इयरफोन न लावता वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

सुरुवात एका कबुलीनं करतो. मी आजऱ्याचा. काही वर्षांपूर्वी रात्री आमच्या घरामागच्या उसातून एक गवा रस्त्यावर आला. पाच मिनिटांत पंधरा-वीस पोरं जमली, बाईकचे लाईट त्याच्यावर, शिट्ट्या चालू. मीही मोबाईल काढून पुढं सरकलो. शेजारच्या काकांनी मागून कॉलर धरली, "अरे, त्याला जायला वाट तरी ठेवा की!" तेव्हा राग आला होता. आज ते वाक्य पटतंय.

का, ते सांगतो. ९ डिसेंबर २०२०. पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीत सकाळी गवा दिसला. बघता बघता गर्दी झाली. लोक मागं, तो पुढं, असं काही तास चाललं. शेवटी बेशुद्धीचं इंजेक्शन देऊन पकडला, पण त्याच दिवशी तो मेला.

एवढा दांडगा प्राणी नुसत्या पळण्यानं कसा मरतो? पूर्ण वाढलेला नर टनाच्या आसपास भरतो. एवढं धूड जीव घेऊन पळत राहिलं की अंग भयंकर तापतं, स्नायूंत आम्ल साठतं, स्नायूच तुटायला लागतात. त्यांतून सुटलेले घटक रक्तात मिसळून मूत्रपिंड आणि हृदयावर ताण आणतात. म्हणजे जखम न करताही आपण जीव घेऊ शकतो.

त्याच महिन्यात बावधनकडं दुसरा गवा दिसला. या वेळी लोकांना लांब ठेवलं, आणि तो जंगलाकडं परत गेला.

आता आपल्याकडं बघू. वर राधानगरीचं अभयारण्य, १९५८ पासून गव्यांसाठीच ओळखलं जाणारं. खाली आंबोली, चंदगड, तिलारी. मधे आपण. म्हणजे आजरा ही त्यांची जायची-यायची वाट. डिसेंबर २०२० मध्येच आजरा-भुदरगड हे संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मंजूर झालं, ते याच सलग जंगलपट्ट्यासाठी. पण कागदावरची हद्द गव्याला कुठं दिसते? जंगलात रानमोडी माजली की गवत कमी होतं, उन्हाळ्यात पाणी आटतं. आणि जंगलाला लागून आपला हिरवागार ऊस! खायलाही, लपायलाही.

यात शेतकऱ्याचं दुःख खोटं नाही बरं का. एका रात्रीत भात तुडवलं गेलं की वर्षाची मेहनत जाते. "प्राणी वाचवा" म्हणणं शहरातून सोपं आहे. म्हणून मोबाईलचा खरा उपयोग इथं करा: नुकसानीचे फोटो लगेच काढा, वनखात्याला कळवा, पंचनामा करून घ्या. भरपाईसाठी तेच कामाला येतं.

आणि गवा समोर आला तर? लाईट मारू नका, आरडाओरडा नको, कुत्री सोडू नका. त्याला जायची एक बाजू मोकळी ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा. लोकेशन ग्रुपवर टाकू नका. टाकलंत की गर्दी आलीच. कोंडलेला गवा अंगावर येतो, मोकळी वाट मिळालेला बहुतेक वेळा निघून जातो.

त्या रात्री काकांनी सगळ्यांना मागं सारलं. दहा मिनिटांत गवा ओढ्यानं वर गेला. माझ्याकडं व्हिडिओ नाही. पण तो जिवंत गेला, आणि आम्हीही धडधाकट घरी आलो.

तुमच्या गावात कोणता प्राणी येतो? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!