नव्या जादुई दुनियेत राहायला कोण जाणार?

गेल्या दिवाळीत मी बंगळुरूहून इंदूरला मावशीकडे गेले होते. फराळ झाला, फटाके झाले, पण माझा मावसभाऊ काही खोलीबाहेर येईना. एकवीस वर्षांचा, इंजिनीअरिंग करणारा मुलगा ऐन सणात तोंड पाडून बसलेला बघून मावशीला वाटलं, परीक्षेत काहीतरी घोळ झाला असेल, नाहीतर कुणी मुलगी नाही म्हणाली असेल. शेवटी मीच जाऊन विचारलं. तो म्हणाला, "ताई, आमचा गेम बंद होतोय."

खरं सांगते, मला आधी हसूच आलं. मग त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर एक तळं, काठावर दगडी घर, दारात घोडा. हे घर त्याने चार वर्षांत हळूहळू बांधलं होतं. त्याच्याबरोबर खेळणारे आणखी सहा जण होते. दोघं हैदराबादचे, एक नागपूरचा, एक मुलगी गुवाहाटीची आणि दोघं इंदूरचेच, पण तेही आधी गेममध्येच भेटलेले. लॉकडाऊननंतरच्या त्या विचित्र दिवसांत रोज रात्री साडेनऊला हे सात जण एकत्र जमायचे.

मावशी दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "मग तुझं ते घर, घोडा, ते कपडे? ते कुठं जाणार?"

"कुठंच नाही, आई. सर्व्हर बंद झाला की सगळं संपलं."

मावशी काही बोलली नाही. थोड्या वेळाने चकल्यांची ताटली त्याच्या टेबलावर ठेवून गेली.

आता त्या सात जणांपुढे प्रश्न होता तो पुढे कुठे जायचं याचा. नव्या गेम्सच्या जाहिराती रोज येत होत्या. ड्रॅगन, राजवाडे, डोळे दिपवणारं ग्राफिक्स. भाऊ मला म्हणाला, "ताई, तू लिहितेस ना असल्या विषयांवर? मग सांग, नवीन गेम टिकतात का गं?" त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. नंतर बरंच वाचल्यावर जे हाती लागलं, ते इथे सांगते.

आधी एक खुलासा. आपल्याकडे फँटसी गेम म्हटलं की अनेकांना मोबाइलवर क्रिकेटची टीम लावून पैसे जिंकण्याचे खेळ आठवतात. ते वेगळे. पैसे लावून खेळायच्या अशा गेम्सवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदीच घातली. मी बोलतेय ते काल्पनिक जगाच्या गेम्सबद्दल. तिथे तुम्ही योद्धा, जादूगार किंवा साधा लोहार होता आणि जगभरातले हजारो लोक त्याच जगात तुमच्यासोबत वावरतात.

जागा आहे, वेळ नाही

हा प्रकार नवा नाही. 'अल्टिमा ऑनलाइन' १९९७ मध्ये आला, 'एव्हरक्वेस्ट' १९९९ मध्ये. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि सगळं चित्रच बदललं. २०१० मध्ये त्याचे १ कोटी २० लाख वर्गणीदार होते. दर महिन्याला पैसे भरून खेळणारे, बरं का. त्यानंतर प्रत्येक मोठ्या कंपनीला वाटलं, आपणही असंच काहीतरी काढावं. 'वॉरहॅमर ऑनलाइन' २००८ मध्ये आला आणि २०१३ मध्ये बंद झाला. 'वाइल्डस्टार' २०१४ मध्ये आला, २०१८ मध्ये गुंडाळला गेला. हे गेम वाईट होते असं नाही. 'वाइल्डस्टार'ची आठवण काढून हळहळणारे लोक अजूनही भेटतात.

मग अडलं कुठे? सिनेमागृहात एका शुक्रवारी चार चित्रपट लागले तर आपण दोन तरी बघतो. पुस्तकं तर एका वेळी तीन-तीन वाचतो. पण असा गेम म्हणजे जवळजवळ दुसरी नोकरी असते. रोजचे दोन तास, ठरलेली वेळ, सोबतचे लोक वाट बघत असतात. एक माणूस असा एकच गेम मनापासून खेळू शकतो, फार तर दोन. त्यामुळे नव्या गेमला नुसतं चांगलं असून भागत नाही. जुन्या गेममधली चार वर्षांची मेहनत, तिथलं घर आणि मुख्य म्हणजे तिथली माणसं सोडून यावंसं वाटेल, इतकं त्याच्यात काहीतरी हवं. तुम्ही राहती सोसायटी सोडून नव्या टॉवरमध्ये का जात नाही? नवी लिफ्ट चकाचक असते, पण शेजारी कुठे ओळखीचे असतात?

त्यात आणखी एक गोची. जत्रेत रिकामा पाळणा फिरत असला तर त्यात कुणी बसत नाही. ऑनलाइन गेमचंही तसंच आहे. मोठ्या राक्षसाला हरवायला वीस जण लागतात आणि सर्व्हरवर बाराच असले, तर ते बाराही आठवड्याभरात निघून जातात.

नऊ लाखांची गर्दी कुठे गेली?

याचं ठळक उदाहरण म्हणजे अ‍ॅमेझॉनचा 'न्यू वर्ल्ड'. पैशांची कमतरता नाही, सर्व्हरची तर मुळीच नाही, कारण अर्धं इंटरनेट त्यांच्याच सर्व्हरवर चालतं असं गमतीने म्हणतात. २८ सप्टेंबर २०२१ ला गेम आला आणि पहिल्याच आठवड्यात 'स्टीम'वर एका वेळी ९ लाखांहून जास्त लोक खेळत होते. आत शिरायला तासन्‌तास रांग. म्हणजे यशच की! पण आत गेल्यावर थोड्याच दिवसांत लोकांना करायला नवं काही उरेना. त्यात काही हुशार मंडळींनी गेममधलं सोनं खोटं-खोटं वाढवायची युक्ती शोधली आणि कंपनीला तिथला बाजारच काही काळ बंद ठेवावा लागला. पाच महिन्यांत एका वेळी खेळणाऱ्यांचा आकडा १ लाखाच्या खाली आला. पुढे सुधारणा झाल्या, काही लोक परतलेही. तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केलं की यापुढे या गेममध्ये नवीन भर घातली जाणार नाही.

माझ्या भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे गर्दी बघून जायचं नाही." अगदी तसंच नाही, पण पहिल्या महिन्याची गर्दी ही लग्नातल्या पंगतीसारखी असते. जेवण झालं की बहुतेक लोक घरी जातात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोण उरलं, हे बघायला हवं.

जो आधी साफ पडला होता

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जपानची. 'फायनल फँटसी' हे गेम्सच्या जगातलं फार मोठं नाव. त्याचा चौदावा भाग ऑनलाइन स्वरूपात सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि साफ पडला. संथ, गोंधळात टाकणारा आणि दिखाव्यावर भर देणारा. पुढे एक मजेशीर बाब बाहेर आली. गेममधली एक साधी फुलाची कुंडी बनवायला जितके बारकावे खर्ची घातले होते, तितकेच खेळाडूच्या पात्रासाठी वापरले होते! साहजिकच थोडी माणसं एकत्र आली की संगणक धापा टाकायचा. ज्या खेळात माणसांनी एकत्र यायचं, तिथे कुंड्यांनीच जागा अडवलेली.

बहुतेक कंपन्या अशा वेळी गाशा गुंडाळतात. इथे कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली, वर्गणी घेणं थांबवलं आणि डिसेंबर २०१० मध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं दिली. त्यांनी वेगळाच मार्ग निवडला. जुना गेम चालू ठेवून तो जमेल तसा दुरुस्त करायचा आणि त्याच वेळी मागे नवा गेम पहिल्यापासून बांधायचा. योशिदा स्वतः अशा गेम्सचे पट्टीचे खेळाडू. पुढे काय होणार आहे, हे ते खेळाडूंना पत्रं लिहून आणि थेट प्रक्षेपणात समोर बसून सांगत राहिले.

नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने सर्व्हर बंद झाले, तेही कसे? आकाशात महिनोन्‌महिने एक लाल चंद्र जवळ येताना दिसत होता. शेवटच्या दिवशी तो कोसळला, त्यातून महाकाय ड्रॅगन बाहेर पडला आणि सगळं जग जळून गेलं. खेळाडू तिथेच उभे राहून बघत होते. म्हणजे गेम बंद पडणं हाच कथेचा भाग केला! ऑगस्ट २०१३ मध्ये त्या राखेतून नवं जग उघडलं. जे आधीपासून होते, त्यांची पात्रं नव्या जगातही टिकली. आणि डिसेंबर २०२१ मध्ये याच गेमवर अशी वेळ आली की गर्दीमुळे सर्व्हर पुरेनात, म्हणून कंपनीने काही आठवडे गेम विकणंच थांबवलं. आपल्याकडे एखादा मिठाईवाला दिवाळीत 'आता ऑर्डर घेत नाही' अशी पाटी लावतो, तसं.

एवढा पैसा आणि एवढी चिकाटी सगळ्यांकडे नसते, हे मान्य. मग लहान कंपन्यांनी काय करायचं? काहींनी मोठ्यांच्या वाटेला जाणंच टाळलं. 'रूनस्केप' २००१ मध्ये इंग्लंडमधल्या भावांनी आईवडिलांच्या घरातून सुरू केला होता. पुढे तो इतका बदलला की लोक रागावले. २०१३ मध्ये खेळाडूंचं मत घेऊन २००७ सालची जुनी आवृत्ती पुन्हा उघडली गेली. चित्रं ओबडधोबड, पण नवीन काही आणायचं तर आधी खेळाडूंचं मतदान होतं. हा गेम आजही दणक्यात चालू आहे. जर्मनीतल्या बर्लिनचा 'अल्बियन ऑनलाइन' २०१७ चा. तिथल्या बाजारातली तलवार, चिलखत, सगळं खेळाडूच घडवतात आणि विकतात. दिसायला साधा असल्याने तो २०२१ पासून फोनवरही चालतो, आणि फोनवरचे व संगणकावरचे लोक एकाच जगात असतात.

फोनची ही गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. भारतात गेमिंगचा महागडा संगणक असलेली घरं मोजकी, फोन मात्र प्रत्येक हातात. आपल्या मुलांची गर्दी 'बीजीएमआय' आणि 'फ्री फायर'मध्ये आहे, म्हणजे गोळीबाराच्या गेम्समध्ये. त्यांच्यासमोर पुण्याच्या 'सुपरगेमिंग'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कल्पनेतलं भविष्य रंगवणारा 'इंडस' आणला. पुण्याच्याच 'नॉडिंग हेड्स' या छोट्या चमूने २०२० मध्ये 'राजी' बनवला. आपल्या पुराणकथांवर आधारलेला, एकट्याने खेळायचा. २०१७ मध्ये त्यांचा लोकवर्गणीचा प्रयत्न अपुरा पडला होता, पण गेम पूर्ण झाला आणि द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या गटात त्याला नामांकनही मिळालं. आपल्या कथांची हजारो लोकांनी एकत्र राहायची ऑनलाइन दुनिया मात्र अजून माझ्या नजरेत आलेली नाही. ती आली, तर मला वाटतं तिची सुरुवात लहान आणि फोनवर होईल, ड्रॅगनच्या जाहिरातीने नव्हे.

खिशातल्या पैशांचं काय?

मावशीचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. तुमचं घर कुठं जाणार? गेममध्ये आपण जे 'विकत' घेतो, ते बहुतेक वेळा आपलं होत नाही. कंपनी सर्व्हर चालवते तोपर्यंत वापरायची परवानगी, एवढंच. युरोपात यावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि तिला १० लाखांहून जास्त सह्या मिळाल्या.

भावाने चार वर्षांत साडेचार हजार रुपये घातले होते. त्याला त्याचं दुःख नव्हतं. "दर महिन्याला शंभरही नाहीत, ताई. तेवढ्यात तर मॉलमध्ये कॉफी येत नाही." त्याचं म्हणणं पटलं. मला जास्त भीती वाटते ती नव्या गेम्समधल्या लकी ड्रॉची. पैसे भरा, पेटी उघडा, हवं ते पात्र निघेलच असं नाही, मग पुन्हा भरा. तुमच्या घरात दहावी-बारावीतलं मूल खेळत असेल, तर फोनला कार्ड जोडलेलं आहे का, हे आजच बघा. आणि गेम नवा असेल तर पहिले तीन महिने फुकट भागातच खेळू द्या. तेवढ्यात मुलाचं मन उडालं तर काहीच गेलं नाही, आणि गेमच ओस पडला तर तेही कळतं.

संक्रांतीला भावाला फोन केला. त्यांची अजून भांडणं चालू होती. नागपूरच्या मुलाला नुकताच आलेला चकाचक गेम हवा होता, हैदराबादवाल्यांना 'फायनल फँटसी'चा फुकट भाग. पण गुवाहाटीच्या मुलीचा लॅपटॉप दिवाळीतच बंद पडला होता आणि घरी नवीन मागायची सोय नव्हती. म्हणून शेवटी सगळ्यांनी फोनवर चालेल असंच काहीतरी घ्यायचं ठरवलं. सध्या 'अल्बियन'मध्ये कुठल्याशा जंगलात लाकडं तोडतायत.

"ग्राफिक्स अगदीच साधं आहे गं," तो म्हणाला, "पण सगळे आहेत."

मागून मावशीचा आवाज आला, "तिथं तळं आहे का, विचार त्याला."