जपानी रिंगण आणि एक हरवलेला डोळा

निपाणी-बेळगावच्या वाचकाला कुस्ती समजावून सांगावी लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली उभे राहिलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान आपल्याला जवळचे आहे आणि गावोगावच्या जत्रांत आजही फड रंगतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवले, त्याच वजनगटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशिई यांनी पटकावले होते. इशिई मूळचे ज्यूदोपटू. एका विद्येतून दुसरीत सहज उतरण्याच्या या जपानी वृत्तीतूनच पुढे मिश्र युद्धकलेचा व्यवसाय उभा राहिला. त्याचा इतिहास आपण वैद्यकीय दृष्टीनेही पाहावा असा आहे.

२६ जून १९७६ रोजी टोकियोच्या बुडोकान सभागृहात कुस्तीगीर अंतोनियो इनोकी आणि मुष्टियोद्धा महंमद अली यांची लढत झाली. इनोकी बहुतांश वेळ जमिनीवर पडून अलींच्या पायांवर लाथा मारीत राहिले. पंधरा फेऱ्यांनंतर सामना बरोबरीत सुटला. प्रेक्षक नाराज झाले, अलींना मात्र पायांच्या दुखापतींसाठी रुग्णालय गाठावे लागले.

पुढे ‘टायगर मास्क’ म्हणून गाजलेले सातोरू सायामा यांनी लुटुपुटूच्या कुस्तीला कंटाळून १९८५ च्या सुमारास ‘शूटो’ची स्थापना केली. १९८९ मध्ये तिच्या व्यावसायिक लढती सुरू झाल्या. १९९३ मध्ये मासाकात्सु फुनाकी आणि मिनोरू सुझुकी यांनी ‘पँक्रेस’ सुरू केले. तेथे आरंभी चेहऱ्यावर मूठ वळून मारण्यास मनाई होती.

२० एप्रिल १९९५ चा प्रसंग मात्र प्रत्येक डॉक्टरने लक्षात ठेवावा. जेमतेम सत्तर किलोंचे युकी नाकाई त्या दिवशी आपल्यापेक्षा कितीतरी धिप्पाड जेरार्ड गोर्डोशी लढले. गोर्डोने नियम मोडून त्यांच्या उजव्या डोळ्यात बोट खुपसले. नाकाईंनी ती लढत जिंकली, त्याच दिवशी आणखी दोन लढती केल्या आणि अंतिम सामन्यात ते रिक्सन ग्रेसीकडून हरले. उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. नवख्या खेळाची बदनामी होऊ नये म्हणून ही गोष्ट त्यांनी बराच काळ लपवून ठेवली.

११ ऑक्टोबर १९९७ रोजी टोकियो डोममध्ये ‘प्राइड’चा आरंभ झाला. दूरचित्रवाणीमुळे या लढती घराघरांत पोहोचल्या. पण गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध असल्याचे आरोप झाले, २००६ च्या जूनमध्ये फुजी वाहिनीने करार तोडला आणि २००७ मध्ये अमेरिकी प्रतिस्पर्ध्याच्या मालकांनी ‘प्राइड’ विकत घेतले. त्याच वर्षी ते बंद पडले. ‘प्राइड’चे सूत्रधार नोबुयुकी साकाकिबारा यांनी २०१५ मध्ये ‘रिझिन’ उभारले.

या इतिहासात पैसा, प्रसिद्धी आणि पराक्रम यांची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती ‘थांबा’ म्हणणाऱ्या अधिकारवाणीची. जखमी मल्ल स्वतः थांबत नाही. मानापुढे त्याला वेदना दिसत नाही. आयोजकाचे हित फड चालू राहण्यात असते आणि प्रेक्षकाला निकाल हवा असतो. उरतो तो डॉक्टर.

आपल्या भागातील फडांत डॉक्टरांना मानाने बोलावले जाते, फेटा बांधला जातो, नारळ दिला जातो. या सन्मानासोबत एक अधिकारही आपण मागून घ्यावा. वैद्याची जागा व्यासपीठाऐवजी हौद्याशेजारी असावी, त्याने हात वर करताच कुस्ती सुटावी, आणि मेंदूला हादरा बसलेल्या मल्लाला त्या दिवशी पुन्हा मातीत उतरवू नये. मल्लाचे नाव एका कुस्तीने होते, डोळे मात्र त्याला आयुष्यभर लागतात.