गिटारचा ॲम्प्लिफायर आणि घराची शांतता

विजेच्या गिटारचा आवाज ज्यांच्या घरीं रोज घुमतो, त्यांच्यापुढें आजच्या विषयाची प्रस्तावना करण्याचें कारण नाहीं. मुलानें मोठ्या हौसेनें व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणावा, त्याचें बटण जरासें फिरवावें, आणि स्वयंपाकघरांतील भांडीं मांडणीवर थरथरूं लागावीं! वडील म्हणतात, "आवाज कमी कर." मुलगा म्हणतो, "कमी केला कीं त्यांतली गोडी जाते." गंमत अशी कीं, दोघांचेंही म्हणणें खरें आहे. तें कसें, आणि त्यावर घरच्या घरीं काय उपाय करतां येतो, हें आज थोडक्यांत सांगणार आहें.

उदाहरणादाखल एक प्रसिद्ध यंत्र घेऊं. १९६२ सालीं लंडनच्या पश्चिमेस हॅनवेल येथें जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानांत त्यांच्या नांवाचा पहिला ॲम्प्लिफायर तयार झाला. त्याची मांडणी अमेरिकेंतील फेंडर कंपनीच्या 'बेसमन' यंत्रावरून घेतलेली होती. पुढें 'द हू' या वाद्यवृंदाचे पीट टाउनशेंड यांना अधिक मोठा आवाज हवा होता. त्यांतून १९६५ च्या सुमारास १०० वॅटचें यंत्र निघालें. त्या काळीं सभागृहांतील मायक्रोफोनची व्यवस्था दुबळी असे, त्यामुळें सारें सभागृह भरून टाकण्याचें काम वादकाच्या ॲम्प्लिफायरलाच करावें लागे. सभागृहासाठीं जन्मलेलें हें यंत्र आपण निजण्याच्या खोलींत ठेवतों, हें साऱ्या तक्रारीचें मूळ आहे.

आतां त्या गोडीविषयीं. तारेच्या कंपनांतून उत्पन्न होणारा क्षीण विद्युत्-संदेश प्रथम लहान व्हॉल्व्हमध्यें वाढविला जातो; नंतर चार मोठे व्हॉल्व्ह त्यास लाउडस्पीकर हलविण्याइतकें बळ देतात. व्हॉल्व्हवर त्याच्या शक्तीबाहेरचें काम लादलें म्हणजे लहरींचे माथे चेपले जातात, मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर उमटतात, आणि नाद भरदार, किंचित् खरखरीत व अधिक वेळ टिकणारा होतो. वादकाला हवी असते ती हीच चेपलेली लहर. परंतु मोठे व्हॉल्व्ह या अवस्थेस पोंचतात, तेव्हां यंत्र आपलें सर्व बळ ओतीत असतें.

पुष्कळांना पहिला उपाय सुचतो तो असा कीं, चारांपैकीं दोन मोठे व्हॉल्व्ह काढून टाकावे. त्यानें शक्ति निम्मी होते हें खरें, पण कान वॅट मोजीत नाहीं. १०० चे ५० वॅट झाले तरी आवाज केवळ ३ डेसिबेलनें उतरतो. शेजाऱ्यास दिलासा मिळावा इतका हा फरक नव्हे. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटण्यास शक्ति सुमारें १० वॅटवर आणावी लागते, आणि चौथाई वाटण्यास १ वॅटवर. एवढें करूनही, पुष्कळसे गिटारचे लाउडस्पीकर १ वॅटमध्यें एक मीटर अंतरावर सुमारें ९८ डेसिबेल आवाज देतात!

खरे उपाय दोन आहेत. पहिला 'मास्टर व्हॉल्यूम'चा. मोठ्या व्हॉल्व्हच्या अलीकडे आणखी एक नियंत्रक बसवावयाचा. म्हणजे लहान व्हॉल्व्ह मनसोक्त चेपले जातात आणि मोठ्यांकडे थोडाच संदेश जातो. १९७५ सालीं मार्शल कंपनीनेंच अशी सोय असलेलीं यंत्रें काढलीं. यांत मोठे व्हॉल्व्ह मात्र अर्धवट निद्रेंत राहतात व नाद थोडा रोडावतो. दुसरा उपाय ॲटेन्युएटरचा. ही पेटी ॲम्प्लिफायर व लाउडस्पीकर यांच्यामध्यें जोडतात. बहुतेक शक्ति ती उष्णतेच्या रूपानें गिळते व थोडीच पुढें सोडते. नाद पुष्कळसा टिकतो. पण व्हॉल्व्ह मैफलीइतकेच झिजतात. पेटीचे ओहम यंत्राशीं जुळले पाहिजेत आणि तिची क्षमता यंत्रावर लिहिलेल्या वॅटांहून बरीच अधिक हवी, कारण चेपलेल्या अवस्थेंत यंत्र लिहिल्यापेक्षां जास्त शक्ति देतें.

या दोहोंत मी दुसरा उपाय आधीं सुचवितों, आणि त्याचें कारण नादाहून गंभीर आहे. पेटी जोडण्यास यंत्र उघडावें लागत नाहीं. पहिल्या उपायासाठीं तें उघडावें लागतें, आणि आंत ४०० ते ५०० व्होल्टचा दाब असतो. भिंतींतील प्लग काढल्यावरही मोठे कंडेन्सर तो दाब धरून बसूं शकतात. म्हणून योग्य रेझिस्टन्समधून तो उतरवून, मीटरनें शून्याजवळ आल्याची खात्री केल्यावांचून आंत बोट घालूं नये. ज्यास ही रीत येत नाहीं त्यानें काम कुशल कारागिराकडे द्यावें. त्यांत कमीपणा नाहीं. तसेंच लाउडस्पीकर अथवा त्याच्या जागीं योग्य भार जोडल्यावांचून व्हॉल्व्हचें यंत्र कधींही चालवूं नये. ट्रान्सफॉर्मर जळून जाण्याचें भय असतें.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. गुणगुण थांबावी म्हणून कांहीं जण अर्थिंगची तार तोडतात. गिटारच्या धातूच्या तारा केबलमधून यंत्राच्या पत्र्याशीं जोडलेल्या असतात; आंत बिघाड झाल्यास घरची वीज थेट वादकाच्या बोटांपर्यंत येते. १९७२ च्या मे महिन्यांत वेल्समधील स्वॉन्सी येथें 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर मरण पावले, तें अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श झाल्यामुळें.

तेव्हां आवाजाला लगाम अवश्य घालावा. तो घालतां येतो, आणि गोडीही बरीचशी राखतां येते. फक्त अर्थिंगच्या तारेस हात लावूं नये. घरांतील वडील मंडळींनीं आवाजाची तक्रार करण्यापूर्वीं एकदां त्या तारेची चौकशी केली, तर आजचें हें भाषण सार्थकीं लागलें असें मी समजेन.